कच्चं पीठ

आमच्या डॉक्टरांचं कुणी कौतुक करायला लागलं की मी उठून आत जाते. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत एवढी समज मला आहे, म्हणूनच उठते. बसून राहिले तर तोंडातून काय बाहेर पडेल ह्याची खात्री मलाच नाही. परवा वाचनालयाची मंडळी घरी आली होती. डॉक्टरांची तसबीर लावायची आहे, तुमचा त्यांच्याशी घरोबा होता, चार आठवणी सांगा म्हणाली. घरोबा म्हणे! मी त्यांना चहा दिला आणि काही आठवत नाही म्हणून सांगितलं. खोटं बोलले. सगळं आठवतं. ती मंडळी गेली आणि मी हे लिहायला घेतलं. तसबिरीखाली वाचून दाखवण्यासारखं काही ह्यात नाही, ते आपलं आधीच सांगून ठेवते.

तर डॉक्टर. उंच माणूस, खांद्यात जरा वाकलेला. अंगात काळा कोट, पण आत सदरा नाही, नुसती बंडी. डोक्यावर साहेबाची असते तशी टोपी आणि पायात गावठी वहाणा. भाईंदर स्टेशनावरून खाडीकडे जाणारा रस्ता आहे, त्यावर त्यांचा दवाखाना होता. खाली दवाखाना, वर एक खोली आणि खोलीपुढे उघडी गच्ची. मूळचे पुण्याकडचे, डॉक्टरी शिकले मुंबईला. एवढा शिकलेला माणूस इथे मिठागरं आणि मच्छरांच्या मधे येऊन का बसला, ह्यावर गावात बरीच भवति न भवति व्हायची. कुणी म्हणे इस्पितळात साहेबाशी भांडण झालं, कुणी म्हणे बायको सोडून गेली. मला विचाराल तर मुंबईत त्यांचं एवढं बोलणं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून ते इकडे आले.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. नाव नाही, गाव नाही, कुठे दुखतं नाही. भेटला माणूस की विचारायचे, "काळी की पिवळी?"

म्हणजे सकाळी परसाकडे कशी झाली, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आणि हे दवाखान्यात नव्हे बरं का. भर बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर, बंदरावर होडीतून उतरता उतरता. लग्नाच्या पंगतीत त्यांनी एका भटजींना विचारलं होतं, आणि भटजी हातातला घास खाली ठेवून उठले होते. बायका तर डॉक्टर समोरून येताना दिसले की गल्ली बदलायच्या. पोट आतून सोलवटलं की रक्त झिरपतं, आणि ते खाली उतरेपर्यंत काळं पडतं, डांबरासारखं. ते डोळ्याला दिसेपर्यंत माणूस अर्धा संपलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरं होतं. पण चारचौघांत ओरडून विचारलं तर कोण खरं सांगणार? सगळं गाव "पिवळी, पिवळी" म्हणून सुटका करून घ्यायचं. डॉक्टरही मान डोलवून पुढे जायचे. आपल्या प्रश्नाने आपण गावाला खोटं बोलायला शिकवलंय, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही.

दुखण्याच्या गोळ्यांचं त्यांना वेड लागलं होतं म्हणा ना. आमच्याकडे मिठागरांवर राबणारी माणसं, पलीकडे वरसाव्याकडे दगड फोडणारी, किनाऱ्याला जाळी ओढणारी. सगळ्यांचे गुडघे आणि कंबरा गेलेल्या. ह्या माणसांना पांढरी गोळी सापडली होती. अ‍ॅस्पिरिन. गोळी घेतली की दुखणं पळतं आणि माणूस कामावर जातो. मग गोळी पोट जाळते. डॉक्टर म्हणायचे, "गोळी बंद करा म्हणून मी सांगणार नाही. गोळी बंद केली तर हा माणूस खाणार काय? मी पोटाची सोय करतो." आणि मग त्यांचं ते वाक्य यायचं: "जमीन सारवल्याशिवाय पाट मांडता का? आधी सारवा, मग गोळी."

पोट कशाने सारवायचं, त्याचा शोध त्यांनी स्वतःच्या पोटावर लावला. अंगात काही दुखत नसताना उपाशीपोटी गोळ्या गिळायचे आणि दवाखान्याच्या बाकावर घड्याळ घेऊन बसायचे, जळजळ कधी सुरू होते ते बघत. दुसऱ्या दिवशी आधी भेंडीचं बुळबुळीत पाणी पिऊन त्यावर गोळ्या. मग कोरफडीचा गर. मग ज्येष्ठमधाचा काढा. मग कोबीचा रस. त्या दिवसांत त्यांच्याजवळ उभं राहवत नसे. समोर रोगी कण्हतोय आणि डॉक्टर स्वतःच पोट धरून वाकलेत, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. लोक हसायचे. मी हसले नाही. एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगते, की दुसऱ्याला द्यायच्या आधी ते सगळं स्वतः घ्यायचे.

आणखीही त्यांच्या बाजूचं सांगते, म्हणजे कुणी मला एककल्ली म्हणायला नको. उत्तनच्या वाड्यांवर ताप पसरला तेव्हा हा माणूस रोज पायी डोंगरीपर्यंत आणि तिथून पुढे समुद्रापर्यंत जात होता. कोळ्यांच्या घरात पेज प्यायचा, किरिस्तांवांच्या घरात भात जेवायचा, आणि घरी येऊन आंघोळीआधी केळी सुकली का ते बघायचा.

हो, केळी. त्यात मी आले.

माझं माहेर खाडीपलीकडे, वसईला. वडिलांची केळीची वाडी होती. मी लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा माझ्या मागोमाग होडीतून घड यायचे. सासरी कौतुक होतं त्याचं. आमचे हे मिठागरावर मुकादम. पाण्याची पातळी राखायची, मजुरांना कामाला लावायचं, दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं. डॉक्टरांशी त्यांची ओळख होती. एकदा घरी जेवायला बोलावलं, मी कच्च्या केळ्याची भाजी केली होती. जेवून डॉक्टर पान खात बसले आणि एकदम उठून उभे राहिले.

"सूनबाई, आज सकाळी मी गोळ्या घेतल्या होत्या. पोट जळत होतं. आता जळत नाहीये. काय वाढलंत?"

मी म्हटलं, "केळ्याची भाजी. माहेरची केळी आहेत."

"घड आहे अजून?"

होता. खांद्यावर टाकून घेऊन गेले. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "याला येड लागलंय गं." त्यांना डॉक्टर पहिल्यापासून आवडायचे.

पुढे भाजी मागे पडली आणि पीठ आलं. कच्ची केळी सोलायची, बांबूच्या सुरीने पातळ चकत्या करायच्या, कारण लोखंडाने त्या काळ्या पडतात. गच्चीवर धोतर पसरून उन्हात वाळवायच्या आणि जात्यावर दळायच्या. ते पीठ गार पाण्यात कालवून गोळीच्या आधी घ्यायचं. त्यांनी एकदा पावसाळ्यात भट्टीच्या धगीवर चकत्या वाळवल्या होत्या. त्या पिठाने त्यांच्या पोटाला काही गुण आला नाही. झालं! तेव्हापासून विस्तव म्हणजे त्यांचा वैरी. भाजायचं नाही, शिजवायचं नाही, डबा चुलीजवळसुद्धा ठेवायचा नाही. रोग्यांचे डबे परत मागवायचे आणि झाकण काढून हुंगायचे. एका बाईने चवीला गूळ घालून ते परतलं होतं. तिचा डबा त्यांनी रस्त्यावर भिरकावला आणि ती रडत गेली. उन्हाळ्यात दुपारभर गच्चीवर टोपी घालून कावळे हाकत बसायचे. खालून कुणी हाक मारली तर वरून ओरडायचे, "मरत नसलास तर थांब!"

आमच्या ह्यांचे गुडघे मग धरले. सकाळी उठवत नसे. मिठाचा हंगाम म्हणजे थंडी ते पहिला पाऊस. त्यात मुकादम घरी बसला तर दुसरा येतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गुडघे सुटले, पोट जळायला लागलं. मग पीठ दिलं. आणि खरंच सांगते, गुण आला. पोट शांत झालं. ते पीठ घेताना ह्यांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. तुरट एवढं की जीभ आत ओढली जायची. "गोळी परवडली, पण हा चुना नको," म्हणायचे. तरी घ्यायचे.

डॉक्टरांना तर आभाळ ठेंगणं झालं. बाहेरून कुणी डॉक्टर भेटायला आला की ह्यांना मिठागरावरून बोलावणं. "बघा, हा माझा माणूस. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभा असतो. चाल बरं." हे इकडून तिकडे चालून दाखवायचे. घरी येऊन हसायचे, म्हणायचे, "आज पुन्हा बैल दाखवला." मलाही तेव्हा हसू यायचं.

दुसऱ्या हंगामात गुडघे जास्त दुखायला लागले. ह्यांनी तसं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "मग गोळ्या वाढवू. तुझं पोट सारवलेलं आहे, तुला काय भीती?" हे वाक्य माझ्यासमोर झालंय. मी तिथे भरलेला घड खाली ठेवत होते. त्या वेळी मला ते वाक्य दिलाशाचंच वाटलं.

त्यानंतर मी बाळंतपणाला माहेरी गेले.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. बाई कष्टाळू, हाताला चव असलेली, आणि एकुलत्या एका मुलावर जीव टाकणारी. घरात मी असेपर्यंत पिठाचं मी बघत होते. मी गेल्यावर ते त्यांच्याकडे आलं. आमच्याकडे कच्चं पीठ पाण्यात कालवतात ते पिंडाला. दशक्रियेला कालवतात, नदीकाठी, आणि कावळ्यापुढे ठेवतात. जित्या मुलाच्या पुढ्यात रोज सकाळी पाण्यात कालवलेलं कच्चं पीठ ठेवायचं, ह्याने त्या बाईचा जीव कासावीस व्हायचा. आणि वर तो तोंड वाकडं करून ते गिळणार. काही दिवस दिलं त्यांनी तसंच. मग एका सकाळी कढई चुलीवर चढवली, चमचाभर तूप सोडलं आणि पीठ खमंग भाजलं. गूळ घालून लाडू वळले. "औषध तेच हाय ना?" असं त्या नंतर मला म्हणाल्या. "पोटात तेच जातंय ना?" ह्यांनी लाडू आवडीने खाल्ले. आईला खूष बघून खूष झाले असतील. वरून गोळ्या घेतल्या, वाढवलेल्या.

मिठागरावर येताजाता डॉक्टर विचारतच होते, "काळी की पिवळी?" मजुरांसमोर मुकादम काय सांगणार? "पिवळी, डॉक्टर." 

मला निरोप आला तेव्हा मुलगी कुशीत होती. होडीतून आले. हे पडवीत अंथरुणावर, चेहरा मेणासारखा, शेजारी घंगाळात रक्त. मला बघून म्हणाले, "पोरीला उन्हातून आणलीस?" तेवढंच बोलले. डॉक्टर आले ते धावत आले, टोपीसुद्धा नव्हती. त्यांनी नाडी बघितली, पापणी खाली ओढून बघितली. मग उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं पाणी हवं असेल. फळीवरचा डबा त्यांनी काढला, झाकण उघडलं, हुंगलं, एक चिमूट जिभेवर ठेवली. आणि बाहेर येऊन, मरणाऱ्या माणसाच्या अंथरुणापाशी उभं राहून, पडवीत जमलेल्या सगळ्या आळीसमोर सासूबाईंना म्हणाले,

"भाजलंत. मी सांगितलं होतं. भाजलंत ना?"

सासूबाईंनी मान हलवली. हो म्हणाल्या. दुपारी हे गेले.

मी त्या माणसाला शंभरदा मनात उभं करून बघितलंय. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं का? होतं. पण त्याच्यावर दुसरंही काहीतरी होतं, आणि ते सुटकेसारखं होतं. पिठाचं काही चुकलं नव्हतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. गोळ्या कुणी वाढवल्या, हा प्रश्न पडवीत कुणाला सुचलाच नाही; कारण सगळे कढईकडे बघत होते. मला तो प्रश्न सुचायला किती काळ लागला. आणि सुचला तेव्हा माझ्या अंगाचा असा भडका उडाला म्हणता!

त्या दिवसानंतर आमच्या घरात काही भाजलं गेलं नाही. कढई माळ्यावर गेली. शेंगदाणे नाहीत, पापड नाही, निखाऱ्यावरचा सुका बोंबील नाही. मसाल्याच्या मिरच्या मी शेजारणीकडे जाऊन भाजून आणायची, आणि तो वास लुगड्याला येऊ नये म्हणून अंगणात उभी राहायची. पोरगी मोठी झाली, भाजलेलं कणीस मागायची. तिला मी बंदरावर नेऊन खाऊ घालत होते. सासूबाई उकडलेलं खायच्या. तक्रार नाही, रडणं नाही. डॉक्टरांवर राग तर मुळीच नाही. मी काही बोलायला लागले की म्हणायच्या, "त्यानं सांगितलं व्हतं गं. मी ऐकलं न्हाय."

आणि डॉक्टर? त्यांना आयतीच गोष्ट मिळाली. नवा रोगी आला, डबा हातात दिला, की सुरू: "भाजायचं नाही. भाईंदरात एका बाईने भाजलं आणि पोटचा मुलगा घालवला." नाव घ्यायचे नाहीत. तेवढा सभ्यपणा होता! पण गोष्ट पांगली. उत्तनहून एक किरिस्तांव बाई टोपली घेऊन आमच्या दारावर मासे विकायला यायची. चांगली होती, सासूबाईंशी तिचं बरंच जमायचं. नवऱ्याच्या कमरेसाठी ती डॉक्टरांकडून गोळ्या आणि पीठ घेऊन आली होती त्या दिवशी. टोपली उतरवता उतरवता म्हणाली,

"डाक्टर सांगतो बाय, कोन येक म्हातारी हाय हितं. पीठ भाजून पोराला दिलान. खाल्लान पोराला. असली कशी आयस?"

मी उंबऱ्यात होते.  सासूबाई टोपलीतल्या बोयटांचे कल्ले उघडून बघत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "ती मीच. ह्यो ताजा न्हाय वाटत गं, दुसरा दाव."

ती कोळीण रस्त्यावरच बसली आणि रडायला लागली. सासूबाईंनीच तिला पाणी दिलं.

मी तशीच दवाखान्यात गेले. रोगी होते, असू देत म्हटलं. "डॉक्टर, ही गोष्ट सांगणं बंद करा," मी म्हटलं. ते खरंच गोंधळले. म्हणाले, "सूनबाई, मी कुणाचं नाव घेत नाही. आणि ह्या गोष्टीमुळे लोक भाजत नाहीत. त्यातून चार माणसं वाचतात." मी विचारलं, "आणि त्या घरात बसलेली बाई?" त्यावर त्यांनी टोपी काढून पुसली आणि पुढच्या रोग्याला विचारलं, "काळी की पिवळी?"

ह्याच्याहून कडू गोष्ट पुढे आहे. सासूबाई डॉक्टरांकडे जायला लागल्या, केळी सोलायला. स्वतःहून. आमच्या वडिलांकडून घड यायचे, त्यातले निम्मे त्या पाठीशी बांधून गच्चीवर न्यायच्या, बांबूची सुरी घेऊन चकत्या करत बसायच्या. बायका पीठ न्यायला आल्या की त्यांना दटावायच्या, "भाजू नका गं, माझ्याकडं बघा आनि भाजू नका." डॉक्टर बाजूला बसून कावळे हाकायचे. दोघं फारसं बोलत नसत. मी खालून बघायची आणि माझा तिळपापड व्हायचा. माझ्या माहेरची केळी, माझ्या नवऱ्याची आई, आणि वर तो टोपीवाला. एकदा न राहवून घरी विचारलं, "आई, तुम्हाला काही वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "त्या पिठानं कोनाचा तरी पोर वाचंल." कपाळ माझं!

लढाई आली आणि गेली, गोळ्या मिळेनाशा झाल्या आणि पुन्हा मिळायला लागल्या. स्वराज्य आलं. डॉक्टर म्हातारे झाले. कावळ्यामागे धावताना गच्चीच्या शिडीवरून पडले आणि कंबर दुखावली ती कायमची. मग ते स्वतः गोळ्या घ्यायला लागले. प्रयोगासाठी नव्हे, गरजेपोटी. इतरांसारख्याच, जास्त जास्त. पीठ तर घेतच होते. गार पाण्यात, कच्चं, स्वतःच्या गच्चीवर वाळलेलं, माझ्या सासूच्या हाताने चिरलेलं.

वैशाखात एका सकाळी मी घड पोचवायला गेले. दवाखान्याचं दार उघडं, रोगी नाही, डॉक्टर बाकावर आडवे. चेहरा बघितला मात्र आणि घड माझ्या हातातून खाली पडला. तो मेणाचा रंग मी एकदा बघितला होता. मी त्यांच्याजवळ गेले आणि त्यांना विचारलं,

"काळी की पिवळी, डॉक्टर?"

ते म्हणाले, "पिवळी."

मी बाकाखाली बघितलं. तस्त होतं, वर वर्तमानपत्र झाकलेलं. कागद उचलला. उलटीत कॉफीचा चोथा असावा तसं, आणि मधे लाल.

"पीठ घेत होतात ना?"

"रोज."

"भाजलेलं?"

चिडले. तेवढ्यातही चिडले! "मी भाजेन?" मग जरा थांबून म्हणाले, "यंदा ऊन कमी पडलं. चकत्या नीट वाळल्या नाहीत."

आता मिठागरवाल्याच्या बायकोला हे सांगायचं! मी म्हटलं, "डॉक्टर, यंदा मीठ ठेवायला जागा नाही बांधावर. मजूर म्हणतात असं पीक कधी बघितलं नाही. ऊन कमी असतं तर मीठ आलं असतं का?"  मग मी विचारलंच. किती वर्षं दातांमागे धरून ठेवलं होतं ते. "ह्यांच्या गोळ्या कुणी वाढवल्या?"

त्यांनी डोळे मिटले. "पिठाच्या भरवशावर वाढवल्या," म्हणाले.

"मग एकदा एवढं माझ्या सासूला सांगा. भाजलं म्हणून गेला असं नाही, एवढंच. दुसरं काही नको मला तुमच्याकडून."

"एका माणसावरून असं सांगता येत नाही, सूनबाई. शास्त्रात तसं चालत नाही."

मला हसू आलं, घाण हसू. मी म्हटलं, "एका माणसावरूनच तर तुम्ही गावभर सांगत फिरलात." 

तोवर मी रस्त्यावरच्या एकाला मुंबईला फोन करायला स्टेशनावर पिटाळलं होतं, दुसऱ्याला टांग्यासाठी. पण टांगा येण्याआधी सासूबाई आल्या. त्यांचा चकत्या करायचा दिवस होता. कमरेला बांबूची सुरी खोचलेली. दारातून आत आल्या, बाकाकडे बघितलं, तस्ताकडे बघितलं. काय झालंय ते त्या बाईला कुणी सांगायला नको होतं. त्या त्यांच्या उशाशी खाली बसल्या, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि अगदी कळवळून म्हणाल्या,

"अरे देवा. तुमाला कोनी भाजून दिलं, डाक्टर?"

मी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी डोळे उघडले.  सासूबाई उठल्या, टेबलावरचा त्यांचा डबा उघडला, हुंगला, एक चिमूट जिभेवर ठेवली. बराच वेळ ती तशीच तोंडात धरून उभ्या राहिल्या. त्या तुरट चवीने त्यांचे गाल आत ओढले गेलेले मला दिसत होते.

"कच्चंच हाय," त्या म्हणाल्या.

मग पुन्हा डब्याकडे बघितलं. पुन्हा बाकावरच्या माणसाकडे. मला वाटलं आता त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल, त्या रडतील, शिव्या घालतील, काहीतरी होईल. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. पण त्यांचा चेहरा झाला तो रस्त्यात हात सुटलेल्या लेकराचा होतो तसा. डबा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं,

"मग माझा पोर कशानं गेला?"

डॉक्टरांचे ओठ हलले. मी वाकून ऐकलं. "ऊन..." म्हणाले, आणि पुढचं काही आलं नाही.

सासूबाईंनी दाराबाहेर बघितलं. समोर खाडीपर्यंत मिठाच्या राशी होत्या, आणि त्यांच्यावर एवढं ऊन पडलं होतं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते.